सात नंबरची जोडी

गाडी दारात येऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि ग्रंथपाल अजून कार्डं लावत बसले होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणे, आणि त्या दोन अक्षरांत तिला जे काही म्हणायचं असे ते सगळं मावत असे.

कार्डं ग्रंथालयातून रद्दीत निघालेली होती. पुढे पुस्तकाचं नाव, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ग्रंथपालांनी कड्यातल्या बुद्धाबद्दलचे प्रश्न लिहिले होते. नदीकाठचा अख्खा कडा कोरून काढलेली ती बसलेली मूर्ती त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकांतून पाहिली होती. पायाच्या अंगठ्याच्या नखावर चार माणसं आरामात बसतील, एवढी मोठी. घरापासून ती गाडीने पाच तासांवर होती, पण जाणं झालं नव्हतं. आधी रजा नव्हती, मग मुलाच्या परीक्षा आल्या, मग गुडघे.

आता वर्तमानपत्रात आलं होतं, की मूर्तीच्या चेहऱ्यासमोरचा सज्जा आजच्यापुरताच उघडा आहे. उद्यापासून डागडुजी, दोन वर्षं बंद. दोन वर्षं हा आकडा चौऱ्याहत्तराव्या वर्षी वेगळाच ऐकू येतो. ग्रंथपालांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे काहीतरी मागितलं होतं.

"चेहराच बघायचाय ना?" कार्डांच्या गठ्ठ्याकडे बघत बायको म्हणाली. "का त्याची तोंडी परीक्षा घ्यायचीय?"

सुनेने त्यांच्यासाठी नवे बूट आणले होते. ग्रंथपाल जन्मभर चपला घालत आलेले. पण पायऱ्यांवर पाय घसरला तर, असं तिचं म्हणणं. त्यांना वाकता येत नव्हतं म्हणून तिनेच ते त्यांच्या पायांत चढवले आणि नाड्या बांधल्या. त्या वेळी ते बाविसावं कार्ड शोधत होते.

कड्याखाली पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मूर्तीच्या पावलांपासून खडकातून पायऱ्या वर जात होत्या आणि हनुवटीच्या उंचीवर सज्ज्यात निघत होत्या. दारावर पाटी होती: पायऱ्या झिजू नयेत म्हणून पादत्राणे व सामान खाली ठेवावे. त्यासाठी पत्र्याचं छप्पर, लाकडी फळ्या आणि एक स्टूल होतं. स्टुलावर माणूस नव्हता. दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, की त्याचं कंत्राट काल संपलं, तुम्ही खुशाल ठेवा, कोण नेतंय.

'कोण नेतंय' हे ऐकून बायकोची खात्री पटली, की कोणीतरी नेणार. पिशवीत औषधं होती, सुनेची पर्स होती. कोणीतरी बसायला हवं, असं ती म्हणाली, आणि तिघांनी ग्रंथपालांकडे पाहिलं.

"बाबा, आम्ही पटकन जाऊन येतो," मुलगा म्हणाला. "आम्हाला काय, पाच मिनिटं पुरतात. मग तुम्ही निवांत जा. हवं तेवढा वेळ उभे राहा."

हे इतकं समजूतदारपणाचं होतं, की त्यावर बोलायला जागाच नव्हती. सुनेने तोवर त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडून बूट कुठल्यातरी फळीवर ठेवलेही होते. ग्रंथपाल अनवाणी पायांनी स्टुलावर बसले आणि कार्डं पुन्हा एकदा चाळू लागले. छपरामुळे मूर्तीची फक्त बोटं दिसत होती. चार पावलं पुढे जाऊन मान वर केली असती तर हनुवटी दिसली असती. पण पहिल्यांदा बघायचा तो चेहराच, समोरून, असं त्यांनी ठरवलं होतं.

पाच मिनिटांनी टोपी घातलेल्या एका माणसाने त्यांच्यापुढे आपले बूट ठेवले. "नीट बघा हं, काका."

आपण इथले नाही, हे सांगण्यासाठी ग्रंथपालांनी मनात एक वाक्य जुळवलं. ते जरा तुटक वाटलं म्हणून सुधारलं. तोवर तो माणूस दहाव्या पायरीवर होता. मग एका बाईने तीन जोड्या ठेवल्या, तिच्यामागच्या पोरींनी दोन. स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणीच काही विचारत नव्हतं. बसलाय म्हणजे त्यासाठीच बसलाय.

त्यांनी पुन्हा मनाची तयारी केली, एवढ्यात दोन माणसं खाली आली आणि एकाच काळ्या चपलेच्या जोडीवर दोघांनी हात ठेवला. आवाज चढले. दोघांनीही 'यांनाच विचारा' म्हणून ग्रंथपालांकडे बोट दाखवलं. ग्रंथपाल घामाघूम झाले. पण एक्केचाळीस वर्षं ज्याने वस्तू देण्याघेण्याचंच काम केलं, त्याला असल्या गोंधळावर एकच उपाय ठाऊक असतो. त्यांनी वरचं कार्ड उचललं, मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकड्यांवर '१' लिहिलं.

फळ्यांवर आधीच असलेल्या बारा जोड्यांना त्यांनी ओळीने नंबर दिले. त्यांचे मालक वर होते, म्हणून एक तुकडा बुटात आणि दुसरा स्वतःच्या खिशात. तेराव्यापासून मात्र नियम: अर्धं कार्ड जोडीत, अर्धं मालकाच्या हातात. आपण काय फाडतोय हे त्यांना कळत होतं. 'खालच्या ओठाची कड तुटलेली आहे का, पाहणे' हे एका सायकलवाल्याला गेलं. 'केसांच्या वळ्यांत रंगाचा अंश? पाहणे' हे कडेवर मूल घेतलेल्या एका बाईला गेलं. पण प्रश्न पाठ होते. कार्डं काय, पुन्हा लिहिता येतील.

शिस्त लागली आणि शिस्तीने घोळ वाढवला. इतका वेळ आपापल्या गाड्यांत बूट ठेवून येणारे लोकही आता इकडेच वळू लागले. पहारेकरी दारातून ओरडू लागला, की काकांकडे द्या, काका चिठ्ठी देतात. थोड्या वेळाने तो काकांवरच ओरडू लागला, की रांग जरा सरळ लावा. एक गृहस्थ म्हणाले, आधीचा माणूस बरा होता, हात तरी चालत होते त्याचे.

पाच मिनिटांत बघून येणारी तिघं दीड तासाने उतरली. चेहरे लाल झालेले, तिघंही एकदम बोलत होती. नंबरांच्या फळ्या आणि रांग बघून मुलगा थांबला.

"काय हे, बाबा?"

ग्रंथपालांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. अर्ध्यावर तीन माणसं चिठ्ठ्या घेऊन आली. सुनेने आपल्या तिघांच्या जोड्या शोधून काढल्या. तू अर्धा तास बसशील का, असं त्यांनी मुलाला विचारलं, तेव्हा मुलाने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या कार्यालयातल्या दोघांची कुटुंबं आज इथे आली होती.

"मी बसू? इथे?" तो हळूच म्हणाला.

"उठा तुम्ही," बायको म्हणाली. "टाका ते आणि जा वर."

"त्रेसष्ट जोड्या आहेत. चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत."

"तुमचं ग्रंथालय बंद झालं हो. सोळा वर्षं झाली."

ग्रंथपाल एका मुलीला तिची सँडल काढून देत राहिले. तिघं नदीकाठी जेवायला गेली. साडेचारला दार बंद होतं, तोवर उरका आणि वर जाऊन या, असं मुलगा बजावून गेला. सुनेने पाण्याची बाटली ठेवली.

तीननंतर पहारेकऱ्याने नवी माणसं घेणं कमी केलं आणि वरची खाली येऊ लागली. कार्डांचे तुकडे परत येत होते. एकावर कोणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं, एकाची होडी झाली होती. कोणी त्यावर काय लिहिलंय हे वाचलं असेल, अशी ग्रंथपालांची अपेक्षाही नव्हती. लोक पुस्तकं वाचत नसत, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. पण नर्सच्या गणवेशातली एक बाई आपले बूट घेताना थबकली.

"काका, यावर लिहिलंय, 'कानाच्या पाळीतलं घरटं अजून आहे का, पाहणे.' मी बघितलं. आहे. पिल्लंही आहेत दोन."

ग्रंथपालांनी तिचे आभार मानले. ती गेल्यावर त्या तुकड्यावर बारीक अक्षरात लिहिलं: 'आहे. पिल्ले दोन.' आणि प्रामाणिकपणे कंसात जोडलं: 'दुसऱ्याच्या सांगण्यावरून.'

चार वाजता फळ्यांवर एकच जोडी उरली. सात नंबर. पांढरे, जाड तळव्यांचे, निळ्या पट्ट्यांचे बूट.

"जा ना, काका," पहारेकरी म्हणाला. "मी देतो तो आला की."

पण सात नंबर पहिल्या बारांतला. त्याची चिठ्ठी मालकाकडे नव्हती, ग्रंथपालांच्याच खिशात होती. कोणीही येऊन माझे म्हणाला असता आणि पहारेकऱ्याने दिले असते. फळीवर वस्तू शिल्लक असताना ग्रंथपाल आजवर कधी उठले नव्हते. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. आपल्याला चढायला वीस मिनिटं लागतील. दहा मिनिटं अजून वाट बघता येईल.

दहा मिनिटं गेली. तो आला नाही. ग्रंथपाल त्या बुटांकडे बघत बसले आणि हळूहळू त्यांना त्या माणसाचा राग येऊ लागला. तरुण असणार. पायांत ताकद असलेला. नव्याकोऱ्या वस्तूची किंमत नसलेला. सकाळी साडेअकराच्या आधीपासून वर उभा आहे, पोटभर बघतोय, आणि खाली कोणी आपल्यासाठी ताटकळतंय हे त्याच्या गावीही नाही. अशाच माणसांसाठी पुस्तकं जपण्यात आपला जन्म गेला. मुदत संपल्यावर सहा महिन्यांनी आणून द्यायचे आणि वर म्हणायचे, एवढं काय त्यात.

साडेचारला पहारेकऱ्याने लोखंडी दार ओढलं आणि कुलूप लावलं. तो आवाज दोन वर्षांइतका लांब झाला.

"अहो, एक माणूस वर आहे," ग्रंथपाल उठून म्हणाले.

"वर कोणी नाही. मी आत्ता सगळा सज्जा बघून आलो."

"मग हे कोणाचे?"

पहारेकऱ्याने खांदे उडवले. तेवढ्यात तिघं आली. झालं का बघून, असं मुलाने विचारलं. ग्रंथपालांनी कुलपाकडे नुसती मान केली.  मग बायको म्हणाली, "चला. पायांत घाला काहीतरी."

ग्रंथपालांनी खाली पाहिलं. पाय उघडे होते. ते फळ्यांकडे गेले, वरच्या बघितल्या, खालच्या चाचपल्या. तपकिरी चपला कुठेच नव्हत्या. तेव्हा चाळीस वर्षांत घरच्यांनी ऐकला नव्हता असा आवाज त्यांनी काढला.

"माझ्या चपला नेल्या कोणीतरी. एवढ्या लोकांचं मी सांभाळलं. एक्केचाळीस वर्षांत माझ्याकडून एक पुस्तक गहाळ झालं नाही, आणि माझ्याच चपला नेल्या."

सून पुढे आली. तिने सात नंबरची जोडी उचलली, आतला तुकडा काढला, खाली बसली.

"बाबा, पाय पुढे करा."

बूट अगदी बरोबर बसले. पहारेकरी हसला, मग ग्रंथपालांचा चेहरा बघून त्याने पाठ फिरवली. मुलगा गाडी आणतो म्हणून घाईने निघून गेला.

गाडी परतीच्या वाटेला लागली. ग्रंथपालांनी खिशातून सात नंबरचा तुकडा काढून उलटा केला. त्यावर लिहिलं होतं: 'नजर नेमकी कुठे पडते? नदीवर की पैलतीरावर? ग्रंथांत मतभेद. पाहणे.'

त्यांनी तो तुकडा दोनदा वाचला. मग शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, "तो बघतो कुठे?"

"कोण?"

"वरचा."

"खाली बघतो," ती म्हणाली. "तुमच्या त्या पत्र्याकडे. मी हिला म्हटलंही, बघ, एवढा मोठा माणूस यांच्याकडे बघत बसलाय, आणि हे चपला मोजताहेत."

ग्रंथपाल तुकडा उलटसुलट करत राहिले.

"मी हात केला दोनदा," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"मला दिसला नाही."

"तुम्ही वर कुठे बघितलंत."

ग्रंथपालांनी पेन काढलं. गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलं. 'खाली,' त्यांनी लिहिलं. जरा थांबले. मग कंस काढला आणि त्यात लिहिलं, 'दुसऱ्याच्या सांगण्यावरून.'