बरं, बाप काय म्हणाला?

मोघेकाकांना कुठलीही बातमी द्या, ते पहिलं विचारतात, "बरं, बाप काय म्हणाला?" कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याच्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं. बाप काय म्हणाला? माझ्या भाच्याला कॅनडाचा व्हिसा मिळाला. बाप काय म्हणाला? बडोद्याच्या नागरवाड्यात त्यांच्या शेजारी राहून मी आता कुठलीही गोष्ट बापापासूनच सुरू करते.

पण येशू ख्रिस्ताचा बाप काय म्हणाला, हे मला कसं ठाऊक असणार?

झालं असं. काका मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. तिथले त्यांचे दोस्त मार्टिनभाई यांनी नाताळला घरी बोलावलं. गव्हाणीचा देखावा मांडलेला. मधे बाळ, शेजारी आई, मेंढ्या, आणि पार मागे कंदील धरून एक दाढीवाला. हे कोण, काकांनी विचारलं.

"ए योसेफ, सुथार. ईसुने एमणे ज मोटा कर्या."

"वाढवलं यांनी. आणि सख्खा बाप?"

मार्टिनभाईंनी वर बोट दाखवलं. काकांना वाटलं, वरच्या मजल्यावर राहतात.

तेव्हापासून आमच्या जिन्यात दुसरा विषय नाही. "सुमन, बाळंतपण गोठ्यात झालं. माहेरचं कोणी नाही, सासरचं कोणी नाही. मग पाणी कोणी तापवलं? योसेफने. कुठे लिहिलंय का? राजा पोरं मारायला निघाला, तेव्हा बायकोपोराला घेऊन परमुलखात कोण पळालं? तिथे नवं काम कोणी शोधलं? साधी बदली झाली तरी माणूस घायकुतीला येतो गं."

मी भाजी निवडत नुसतं हं हं करायची. पूजेशिवाय चहाला न शिवणाऱ्या माणसाला हे काय झालंय, मला कळेना. काका धर्म बदलतात की काय, अशी शंका येऊन काकूंनी देवघरातले देव एकदा गुपचूप मोजून पाहिले.

मार्टिनभाई तर पार गोंधळले. फोनवर रोज उलटतपासणी. "पोरगा जत्रेत हरवला. आईबापांनी जिवाचं रान करून शोधला. देवळात सापडला, आणि वर म्हणतो, मी माझ्या बापाच्या घरीच असणार, एवढं कळू नये? योसेफ समोर उभा आहे हो! बरं, योसेफ काय म्हणाला?"

"कंई नथी बोल्या, मोघेभाई. आखा शास्त्रमां एक शब्द नथी बोल्या."

त्या दिवशी काका जेवले नाहीत.

शेवटी मी काकूंनाच गाठलं. "अगं, निखिलचं लग्न आलंय ना," त्या पोळी लाटत म्हणाल्या. त्याचा आणि योसेफचा काय संबंध? मग त्यांनी हळूहळू सांगितलं. निखिल काकांच्या थोरल्या भावाचा. वहिनी आजारी, म्हणून तान्हं पोर थोडे दिवस बडोद्याला आणलं, ते इथेच वाढलं. दत्तकविधान वगैरे काही झालं नाही. तो त्यांना काका म्हणतो, पण अख्खी गल्लीच काका म्हणते, त्यामुळे तो त्यांचा मुलगा नसेल अशी मला कधी शंकाही आली नाही. आता नागपूरहून ते भाऊ येणार होते. व्याहीभेटीला मुलीच्या वडिलांना मिठी कोण मारणार, ते की काका? कोणी विषय काढत नव्हतं. काका निखिलला विचारायला तयार नव्हते. "तो आपणहून म्हणाला तर," एवढंच, की पुन्हा योसेफ सुरू.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं. "काना गावात लग्न होतं. आई आलेली, पोरगा आलेला. तिथे त्याने पाण्याची दारू केली."

"बडोद्यात केली असती तर पोलिसांनी आत टाकलं असतं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "योसेफ कुठे होता, सुमन?"

"वारले असतील हो."

"छे. मग तसं लिहिलं असतं."

सयाजीगंजातल्या हॉलमध्ये गुरुजींनी पुकारा केला, "वराचे वडील, व्याहीभेटीला या." फेटा बांधलेले नागपूरकर उठले. निखिलने एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गुलाबपाणी, नारळ, मिठी, टाळ्या. मला असा संताप आला, की हातातल्या अक्षता त्या फेट्यावर फेकून माराव्याशा वाटल्या.

काका सापडले मागच्या अंगणात. जेवणाच्या बाजूचं पाणी संपलेलं, वाढप्यांची पळापळ, आणि काका नव्या रेशमी सदऱ्याच्या बाह्या सारून पाइपने पिंपं भरत होते. मला पाहून खुशीत म्हणाले, "सुमन, सापडला. योसेफ लग्नातच होता. चमत्कार मागाहून झाला, आधी रांजणांत पाणी कोणी भरलं? हा मागे पाणी भरत होता. लिहिणारा पुढे बसलेला, त्याला कसा दिसणार?"

मला रडूच आलं. मी त्यांच्या हातातला पाइप घेतला. "फोटो काढताहेत. तुम्हाला स्टेजवर बोलावलंय."

"कोणी?"

"निखिलने."

निखिलने बोलावलं नव्हतं. पण ओले हात सदऱ्यालाच पुसत काका असे झपाट्याने निघाले, की नळ कुठे बंद करायचा हेही सांगायचं विसरले.