योर्गोंची समुद्री हद्द

आमच्या ऑफिसात मिस्टर योर्गोंच्या टेबलाच्या कडेला निळी टेप चिकटवलेली आहे. एर्दाल जॉइन झाला त्याच दिवशी ती त्यांनी स्वतः लावली. एर्दाल तुर्की, योर्गो ग्रीक, आणि दोघांची टेबलं एकमेकांना खेटून. एर्दालचा स्टेपलर चुकून टेपच्या अलीकडे आला की योर्गो तो एका बोटाने परत ढकलतात आणि मला म्हणतात, "ग्रेसी, तू साक्षीदार. घुसखोरी!"

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या कंपनीतून जहाजांचे सुटे भाग बंदरोबंदरी जातात. योर्गो त्यातले जुने जाणकार. पासष्टी उलटलेली, मिशा पांढऱ्या, चाल बोटीच्या डेकवर असल्यासारखी. तसा माणूस लोण्यासारखा मऊ. माझ्या मुलीच्या चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियनला हातात केक धरून आमच्या घरी, डिस्कव्हरी गार्डन्सपर्यंत मेट्रोने आले होते. पण तुर्कस्तानचं नाव निघालं की लोण्याचा दगड व्हायचा. कॅफेत कुणी 'टर्किश कॉफी' मागितली तर शेजारच्या टेबलावरून म्हणायचे, "ग्रीक! हबीबी, जरा इतिहास वाच!" अथेन्सला जाताना विमान तुर्कस्तानवरून उडालं, तर तेवढा वेळ ते खिडकीची झडप लावून बसत.

मी हे घरी सांगितलं तर माझी मुलगी म्हणाली, "ममा, दे आर सो चाइल्डिश." वसईत विहिरीच्या वाटेवरून सख्ख्या भावांनी जन्मभर अबोला धरलेला मी पाहिलाय.

एकदा मी योर्गोंना म्हटलं, "आमच्या मजल्यावर लाहोरची बाई राहते. संपलं की मी तिच्याकडून मीठ आणते. काही बिघडत नाही."

"मीठ आण," ते गंभीरपणे म्हणाले. "समुद्र देऊ नकोस."

एर्दाल चाळिशीतला, शांत. भांडायचा नाही, पण स्टेपलरही हलवायचा नाही. प्रिंटर त्याच्या बाजूला असल्यामुळे योर्गोंना प्रिंट घ्यायला अख्ख्या खोलीला वळसा घालून जावं लागे. ते जात, पण "एक्सक्यूज मी" म्हणत नसत.

एका शुक्रवारी एर्दाल नमाजाला गेला होता. त्याचा फोन टेबलावर राहिला आणि वाजत सुटला. थांबला, पुन्हा वाजला. शेवटी योर्गोंनी वैतागून तो उचलला. आता शिव्या घालणार म्हणून मी कान टवकारले. पलीकडून म्हातारीचा आवाज आला आणि योर्गो एकदम उभे राहिले. मग ते बोलू लागले. इंग्रजीत नाही, ग्रीकमध्येही नाही. अडखळत, लाजत, चक्क तुर्कीत.

ती तुर्कस्तानातल्या इझमिरहून बोलणारी एर्दालची आई होती. "म्हणते, तुझं तुर्की शाळकरी पोरासारखं आहे," फोन ठेवून ते मला म्हणाले. कान लाल झाले होते. "बरोबर आहे. मी सात वर्षांचा असताना आम्ही इस्तंबूल सोडलं."

पुढच्या शुक्रवारी एर्दाल नमाजाला निघाला आणि फोन ठेवून गेला. बरोबर टेपवर. कुणाच्या हद्दीत, ते ठरवणं अशक्य. फोन वाजला. योर्गोंनी इकडेतिकडे पाहिलं आणि उचलला. मग दर शुक्रवारचा हा शिरस्ताच झाला. दोघं पुरुष एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. म्हातारीला योर्गो 'तेय्झे' म्हणत. तेय्झे म्हणजे मावशी.

तेय्झे एकच गोष्ट विचारायची. योर्गोंचं घर खिओस या ग्रीक बेटावर, समोर तुर्की किनारा दिसतो. "सुट्टीत येतोस ना तिथे? मग बोटीत बस आणि जेवायला ये."

"इन्शाल्ला, तेय्झे. राजकारण जरा निवळू दे."

ते कधी निवळायचं? आज कुणाचं जहाज कुणाच्या पाण्यात शिरलं, उद्या कुणाची विमानं कुणाच्या बेटावरून गेली. उन्हाळ्यात योर्गो खिओसला जाऊन आले. मी विचारलं, "गेलात का पलीकडे?"

"वातावरण चांगलं नव्हतं."

"पाऊस होता?"

"नाही. पेपरातलं."

मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये." तेव्हा पँट्रीत, कप धुता धुता, त्यांनी सांगितलं. इस्तंबूलला त्यांच्या शेजारीही एक तेय्झे होती. त्यांना मांडीवर घेऊन भरवणारी. ग्रीक कुटुंबांना देश सोडायचा हुकूम झाला तेव्हा वडिलांनी बजावलं, कुणाला कळू द्यायचं नाही. निघायच्या सकाळी तिने दार वाजवलं. खूप वाजवलं. वडिलांनी छोट्या योर्गोच्या तोंडावर हात दाबून धरला.

"ती कशाला आली होती, कळलंच नाही. बाबा म्हणायचे, शिव्या द्यायला. आई म्हणायची, वाटेसाठी डबा द्यायला. यावरून दोघं मरेपर्यंत भांडले."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी नळ बंद केला. "मी बाबांची बाजू घेतली. सोपं जातं."

हिवाळ्यात एर्दालची आई गेली. झोपेतच. एर्दाल त्याच दिवशी इझमिरला निघाला. योर्गो आठवडाभर इन्व्हॉइसवर चुकीची बंदरं टाकत होते. मी दुरुस्त करत राहिले.

एर्दाल परतला तेव्हा सगळे जाऊन हात हातात घेऊन आले. योर्गो उठले आणि वळसा घालून त्याच्या टेबलापाशी गेले. एर्दाल मान खाली घालून म्हणाला, "शेवटपर्यंत विचारत होती. तो इस्तंबूलचा मुलगा कधी येतोय? मी सांगायचो, येतोय."

योर्गो इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "एर्दाल, माणूस गेल्यावर तुमच्यात काय म्हणतात? मला ते शब्द येत नाहीत. मी लहान होतो. तोवर आमचं कुणी गेलं नव्हतं."

एर्दालने वर पाहिलं. "बाशन साऽ ओल्सुन," तो म्हणाला. म्हणजे, मागे राहिलेल्याने सुखरूप राहावं.

योर्गोंनी म्हणून पाहिलं. चुकलं.

एर्दालने खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि एकेक शब्द सावकाश, पुन्हा सांगितला.