टिपणिसांच्या घरचं कार्य

"दोन मिनिटं माझ्याबरोबर येता का?" असं टिपणीस मला पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी लगबगीने केसांवरून कंगवा फिरवून निघालो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवीन पनवेलात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. खालच्या मजल्यावरचा हा सफारीतला, करड्या मिशीचा गृहस्थ आपल्याला चहा पाजायला नेतोय अशी माझी समजूत. दारातून बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, माझी कुणाशी ओळख होत नाही म्हणतेस ना?"

टिपणिसांनी मला रिक्षात घातलं, गावात नेलं आणि एका मिठाईच्या दुकानात उभं केलं. मी पेढ्यांकडे बघत राहिलो. टिपणीस मालकाला म्हणाले, "मी फूड इन्स्पेक्टर. पेढ्याचा नमुना घेतोय. हे स्वतंत्र पंच."

पंच कुठे दिसतात म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

घरी परतलो तेव्हा बऱ्याच कागदांवर माझ्या सह्या झाल्या होत्या, चहा मिळालेला नव्हता आणि त्या हलवायाने माझा चेहरा नीट पाहून ठेवला होता. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे पेढे आणायला मला बायकोलाच पाठवावं लागलं. मी गेलो की तो म्हणायचा, "या पंच, आज कुणाला घेऊन आलात?"

हळूहळू कळलं, की हे "दोन मिनिटं" गावात सगळ्यांना पाठ आहेत. नमुना घेताना जवळ एखादा त्रयस्थ माणूस साक्षीला हवा, असा कायदा. पण टिपणीस बाजारपेठेत शिरले की त्रयस्थ माणसं विरघळून जात. पानाच्या ठेल्यावर तास तास उभा राहणारा माणूस एकदम आईचं औषध आठवून चालू लागे. त्यामुळे कॉलनीत नवा भाडेकरू आला, की पहिले काही दिवस तो टिपणिसांचा. मग कुणीतरी त्याला सावध करी. मला सावध करायला सगळे विसरले. म्हणजे, विसरले असं ते म्हणतात.

टिपणिसांचं काम मोठं होतं, यात शंका नाही. कुठल्या पदार्थाला काय म्हणायचं, त्यात काय असावं आणि काय नसावं, हे तिकडे दिल्लीत ठरायचं. दिल्लीचं ते म्हणणं पनवेल-उरणच्या खाणावळी, बेकऱ्या आणि किराणा दुकानांना ऐकायला लावण्यासाठी सरकारने एकटे टिपणीस नेमले होते. सोबत एक शिपाई, एक कापडी पिशवी, लाख आणि दोरा. नमुना घ्यायचा, तीन बाटल्यांत भरायचा, मोहर लावायची. एक बाटली प्रयोगशाळेला, दोन कपाटाला. मग खटला. खटला उभा राहीपर्यंत बहुतेक वेळा दुकानदाराने धंदा बदललेला असे, आणि ज्यांनी तो माल खाल्लेला असे ते तो पचवून मोकळे झालेले असत. तारखेला हजर असायचे ते फक्त टिपणीस. आणि अधूनमधून मी.

"लोक मरत नाहीत म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे," टिपणीस म्हणत. "प्रथमदर्शनी तसं दिसतं. पण मानक म्हणजे मानक."

हे 'प्रथमदर्शनी' आणि 'मानक' त्यांच्या प्रत्येक वाक्यात कुठेतरी बसलेले असत. मुलीला मागणी आली तेव्हासुद्धा ते मला म्हणाले होते, "मुलगा प्रथमदर्शनी बरा आहे."

कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आज चहा घेतला तर उद्या दुकानदार म्हणेल, यांच्याकडचा चालतो, मग माझा का नाही? म्हणून कुठेही गेले तरी फक्त पाणी. दसऱ्याला आमच्या हिने हौसेने श्रीखंडाची वाटी खाली नेली. टिपणिसांनी ती उजेडात धरली, चमचा फिरवला, वास घेतला आणि जिभेलाही न लावता परत केली.

"वहिनी, याला श्रीखंड म्हणता येणार नाही."

"मग काय म्हणायचं?"

"साखर प्रमाणाबाहेर दिसतेय. दह्याचा एक गोड प्रकार म्हणा. त्याला हरकत नाही."

हिने वाटी उचलली. "माझ्या माहेरी याला श्रीखंडच म्हणतात. दिल्लीला कळवू नका."

त्यानंतर वर्षभर आमच्या घरात काही बिघडलं, म्हणजे पोळी करपली किंवा मी केलेला चहा कडू झाला, की ही म्हणायची, "चहाचा एक प्रकार आहे हा, घ्या."

गावात लग्नकार्यं होत. टिपणिसांना पत्रिका येई, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोचेल अशा बेताने. यजमान तरी काय करणार? पाहुण्यांत टिपणीस आहेत म्हटल्यावर आचारी काम सोडून जात. टिपणीस ती पत्रिका वाचून खिशात ठेवत आणि म्हणत, "टपालखात्याचा कारभार ढिला झालाय."

बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी सुनंदा. ती शाळेत शिकवायची. स्वयंपाक टिपणीस करत, मोजूनमापून. सुनंदा एकदा आमच्या हिला म्हणाली होती, "काकू, आमच्याकडे भाजी कधी चुकत नाही. पण कधी आवडतही नाही."

त्या सुनंदाचं लग्न उरणच्या एका कुटुंबात ठरलं, आणि टिपणिसांवर खरी वेळ आली. व्याही मोकळा माणूस. साखरपुड्याला मांडीवर थाप मारून म्हणाला, "आमची काही अट नाही. हुंडा नको, मानपान नको. फक्त पंगत झकास झाली पाहिजे. फूड इन्स्पेक्टरच्या घरचं जेवण कसं असतं ते आमच्या लोकांना बघू दे."

टिपणीस आचारी शोधायला निघाले. पहिल्याने कंबर धरली. दुसरा नेमका त्याच तारखेला गावी जाणार होता, आणि तारीख बदलली तरी तो गावीच जाणार होता. तिसऱ्याच्या बायकोने दार न उघडताच "घरात नाय" म्हणून सांगितलं. आतून तो खोकला तरी तिने मत बदललं नाही. शेवटी राहिला दगडू आचारी. पंचक्रोशीत बुंदीचा लाडू वळावा तर त्याने. त्याच्याकडे टिपणीस मला घेऊन गेले. "दोन मिनिटं" म्हणाले नाहीत, "याल का?" म्हणाले, म्हणून मी गेलो.

दगडू अंगणात बाजेवर बसला होता. उठला नाही.

"सायेब, तुमी माजा बेसन नेलाव. तीन बाटल्या भरून. आठवतंय?"

"आठवतंय. हरभऱ्यात लाखोळी डाळीची भेसळ होती."

"मी काय डाळ पेरतो का? वान्याकरनं आनला, तुमाला दिला. वान्याकडं बिल हाय, तो सुटला. माज्याकडं बिल नाय, मी तारखा करतो." त्याने विडी विझवली. "पोरीचं लगीन हाय, मी नाय कसा म्हनू? पन आमची केस निकालात निगू द्या, मंग लाडू वलतो."

मला वाटलं, आता टिपणीस गयावया करतील, निदान आवाज तरी खाली आणतील. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. तू हो म्हणाला असतास तरी मला तुझ्याकडून काम घेता आलं नसतं."

"मंग आलाव कशाला?"

टिपणीस नमस्कार करून निघाले. परत येताना रिक्षात ते बाहेर बघत होते. खाडीवरच्या पुलाशी म्हणाले, "हिची आई असती तर तिने बायका जमवून सगळं केलं असतं. मला माणसं जमवता येत नाहीत. प्रथमदर्शनी माझाच दोष आहे."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ही भाजी निवडत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही नारळ खोवणार का? मग स्वयंपाक आम्ही करतो."

कॉलनीतल्या बायका दोन दिवसांत एक झाल्या. किराणा टिपणिसांनी स्वतः आणायचा ठरलं आणि बाजारात पळापळ झाली. दुकानदारांना वाटलं हा नवा सापळा. एकाने हरभऱ्याच्या डाळीच्या पोत्यावर बसून सांगितलं, "डाळ नाही साहेब, संपली." दुसऱ्याने स्वतःच्या दुकानातला गूळ न देता शेजाऱ्याकडून आणून दिला आणि वर शेजाऱ्याचं नावही सांगितलं. शेवटी माल ही आणि मी आणला. टिपणिसांनी तो चाळून, भिंगाखाली धरून पास केला. हळद पाण्यात टाकून पाहिली. लाडवात रंग नको म्हणाले, सरकारला चालतो तोसुद्धा. त्यामुळे लाडू असे फिके झाले, की वाढताना मला एका म्हातारबुवांनी विचारलं, "याला कावीळ व्हायची राहिली वाटतं?"

पण जेवण चांगलं झालं होतं. मसालेभात, बटाट्याची भाजी, आमटी, मठ्ठा. पहिल्या पंगतीत सगळे चाटूनपुसून उठले. आणि मग घोटाळा झाला. उरणहून दोन बस येणार होत्या, त्या आल्या होत्या. पाठोपाठ एक ट्रकही आला. व्याह्याच्या मित्रमंडळींचा, तोंडभर हसत. फूड इन्स्पेक्टरच्या घरचं जेवण बघायला आख्खा गाव निघाला होता.

लग्नाच्या हॉलच्या मागच्या बाजूला, चुलीपाशी, आमच्या हिने आमटीच्या पातेल्यात डाव घातला. तो तळाला लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"भात आहे, लाडू आहेत," ही म्हणाली. "आमटी एका पंगतीची. पंगती अजून दोन."

बाजूच्या चुलीवर पाण्याचं भलंमोठं भांडं उकळत होतं. आम्ही सगळ्यांनी त्या भांड्याकडे पाहिलं आणि मग दाराकडे. कारण दारात टिपणीस उभे होते. कोट, टोपी, खांद्यावर उपरणं. पाणी मिसळलं म्हणून अर्ध्या तालुक्याच्या गवळ्यांना ज्याने कोर्टाची पायरी दाखवली, त्या माणसासमोर पाण्याला हात कोण लावणार? मी खोवणी उचलली आणि नसलेला नारळ खोवायला लागलो.

टिपणिसांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग मान वळवून हॉलकडे. तिथे सुनंदा नवऱ्याबरोबर पंगतीतून फिरत होती, वाकून वाकून एकेकाला लाडू वाढत होती. मागे व्याही उभा राहून ओरडत होता, "सावकाश होऊ द्या. आमटी येतेय, आमटी."

टिपणिसांनी उपरण्याने पाण्याचं भांडं धरलं, उचललं आणि पातेल्यात ओतलं.

"आणखी?" त्यांनी हिला विचारलं.

"थोडं. बास. आता मी चिंच, गूळ, तिखट लावते."

"मिठाचं प्रमाण..." त्यांनी सुरुवात केली आणि पुढचं गिळलं. "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

दोन्ही पंगती उठल्या. व्याही ढेकर देत टिपणिसांसमोर आला. "मानलं तुम्हाला. असली आमटी आमच्याकडे होत नाही. काय घालता हो?"

टिपणीस जन्मात खोटं बोललेले नव्हते. त्यांनी घसा साफ केला. "व्याहीबुवा, त्यात प्रथमदर्शनी..."

"चला, वरात निघायची वेळ झाली," असं म्हणत आमच्या हिने व्याह्याच्या हातात नारळ दिला आणि त्याला दाराकडे वळवलं.

सुनंदा गेली. ट्रकही गेला. हॉलवाल्याने खुर्च्या आवरायला घेतल्या. ऊन उतरत आलं होतं. राबणाऱ्यांची शेवटची पंगत बसली आणि तिच्यात टिपणीस बसले, माझ्या शेजारी, टोपी गुडघ्यावर ठेवून. इतक्या वर्षांत त्यांना जेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. ही वाढत होती. त्यांनी लाडू खाल्ला, भात खाल्ला, आमटी घेतली. परत घेतली. पुन्हा घेतली.

घरी आल्यावर मी पाय पसरून हिला म्हणालो, "गंमत बघ. जन्मभर या माणसाने भेसळ पकडली, आणि आज स्वतः पातळ केलेली आमटी तीनदा ओरपली. आवडली की त्यांना."

ही बांगड्यांत अडकलेला पिठाचा कण काढत होती. वर न बघता म्हणाली, "आमटी कुठली आवडतेय. वाटी अर्धी भरलेलीच असायची त्यांची. मी जवळ गेले की वाटीवर हात आडवा धरायचे, नको नको म्हणायचे, आणि मी 'घ्या हो, आमच्यासाठी थोडी' म्हटलं की हात काढून घ्यायचे. असं म्हणणारं माणूस किती वर्षांत भेटलं नसेल त्यांना. उद्यापासून खाली एकटेच आहेत. डबा नेऊन देऊ नका, परत करतील. हाताला धरून वर आणा, आणि समोर बसून आग्रह करा. तुम्हाला येत नाही ते, पण करा."