ताकातली शिकार

डोक्यावर औषधालाही केस नसलेला माणूस दर आठवड्याला कंडिशनरची मोठी बाटली विकत घेतो, ही गोष्ट आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यातल्या मल्याळी दुकानदाराला कधीच पचली नाही. बकाला म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. त्याने एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की तुमचे ते मित्र हे पितात का? मी म्हणालो, नाही, अंगाला लावतात. तेव्हापासून तो माझ्याशीही जरा अंतर ठेवून बोलतो.

हे मित्र म्हणजे दिगंबर तारी. तोंडावर मी त्याला दिगूभाऊ म्हणतो, माघारी दिगू. मूळचा मालवणजवळच्या देवबागचा, सध्या मुक्काम कुवेतमधलं फिंतास, आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथा मजला. शुवैखला बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात फोरमन आहे. बायको गावी, दोन मुलगे रत्नागिरीला शिकायला, आणि हा इथे ‘बॅचलर’. कुवेतमध्ये बायको सोबत नसलेल्या कुठल्याही पुरुषाला बॅचलरच म्हणतात, मग त्याला नातवंडं का असेनात.

तर, कंडिशनर. दिगूला पाण्यात बुडी मारून भाल्याच्या बंदुकीने मासे मारण्याचा नाद आहे. इथे येण्याआधी तो बरीच वर्षं इंडोनेशियातल्या एका बेटावर टुरिस्टांच्या बोटी सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याखाली जायचा. चड्डी, चश्मा आणि बंदूक एवढाच सरंजाम. पाणी कोमट, आणि इतकं नितळ की वरूनच मासा निवडायचा, खाली जायचं आणि घेऊन यायचं. दिगूच्या बोलण्यात या बेटाला नाव नाही. ते नुसतं ‘थंय’, म्हणजे तिकडे. थंय असा नव्हता, थंय तसा नव्हता. सासरी आलेली मुलगी माहेरच्या गोष्टी काढते तसं त्याचं चालतं.

आणि इथे जानेवारीतला कुवेतचा समुद्र. उन्हाळ्यात ज्या देशात नळाच्या पाण्याने हात पोळतो, तिथे हिवाळ्यात समुद्र माणसाला दात वाजवायला लावतो हे पुण्यातल्या माणसाला सांगून खरं वाटायचं नाही. त्यात पाणी गढूळ. हात लांब केला तर बोटं दिसतात, बंदुकीचं टोक दिसत नाही. पहिल्यांदा उतरून घरी आला तेव्हा दिगूने एकच वाक्य उच्चारलं, आणि पुढे ते त्याचं ब्रीदवाक्यच होऊन बसलं.

“ह्यां पाणी नाय, कुलकर्णीनू. ताक आसा ताक.”

थंडीसाठी त्याने जाड रबरी सूट घेतला. तो इतका घट्ट, की आतून कंडिशनर फासल्याशिवाय अंगात शिरत नाही. नाव दिगंबर आणि कपडे चढवायला अर्धा तास. पण सूट चढवून पहिल्यांदा पाण्यात उडी मारली तर हा बुडेचना. एवढं रबर अंगावर असल्यावर माणूस बुचासारखा तरंगतो, त्याला खाली न्यायला कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं. याने बांधलं होतं बेटावरच्या सवयीप्रमाणे, चड्डीच्या मानाने. दहा मिनिटं डोकं पाण्यात, पाय हवेत, आणि मधला भाग बोटीकडे तोंड करून, अशी त्याची खटपट चालली होती. बोटीचा मालक बू नासर हसता हसता चहा सांडून बसला.

बू नासर हा कुवेती गृहस्थ दिगूचं गिऱ्हाईक. कुठे शिकार चालते, कुठे नाही, कागद कुठले लागतात, हे सगळं तो बघतो. दिगू त्याचं इंजिन पोटच्या पोरासारखं सांभाळतो, त्याच्या बदल्यात तो शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दिगूला समुद्रावर नेतो. दोघांची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी अरबी आणि उरलेली हातवाऱ्यांची, पण त्यांचं कधी काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

मग सुरू झाली तयारी. श्वास रोखण्याचा सराव दिगू लिफ्टमध्ये करायचा. तळमजल्यावर छाती भरून घ्यायची आणि अकराव्या मजल्यापर्यंत जाऊन परत यायचं. मध्ये कोणी सलाम केला तर हा लालबुंद चेहऱ्याने नुसता बघत राहायचा. सातव्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाई त्याच्यासाठी दुवा मागू लागल्या. न दिसणाऱ्या पाण्याचा सराव घरी चालायचा. पाण्यात घालायच्या चश्म्याला बाहेरून साय फासून हा फ्लॅटभर रांगायचा आणि त्याच्या खोलीतल्या दोघा सोबत्यांनी लपवलेले कांदे शोधायचा. एकदा मी दार उघडं बघून आत गेलो, तर सोफ्याखालून याचे पाय बाहेर आलेले आणि आतून आवाज आला, गप रवा, जवळ आसा.

यात मी कसा सापडलो? गढूळ पाण्यात खाली गेलेला माणूस वरून दिसत नाही, म्हणून त्याच्या कमरेला दोरी बांधतात आणि दुसरं टोक वरच्या भिडूने धरायचं असतं. दिगूचा भिडू एक फिलिपिनो होता, तो कायमचा घरी गेला. आता मी बँकेतला हिशेबनीस, पोहता येत नाही, आणि वर शाकाहारी. पण माझ्या बायकोला, मीनलला, मी शुक्रवारी सोफ्यावर लोळत पडतो याचा फार दिवसांचा राग होता. तिने परस्पर होकार देऊन टाकला. दिगूने मला दोरीची भाषा शिकवली. एकदा ओढली तर मी बरा आहे. तीनदा ओढली तर वर खेचा.

“आणि काहीच ओढलं नाही तर?” मी विचारलं.

“तर सुगंधाक फोन करा.”

सुगंधा म्हणजे त्याची बायको. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. तिच्या माहेरचं आख्खं घर मासेमारीवर वाढलेलं. दर शुक्रवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला, काय गावला? दिगू रिकामे हात कॅमेऱ्यासमोर धरायचा. मग ती अशी हसायची की बोटीवर बू नासरलाही भाषांतर लागायचं नाही. समुद्राच्या काठावर राहून मासे विकत घेणारा तारी तिने जन्मात पाहिला नव्हता. आता ती फेब्रुवारीत व्हिजिट व्हिसावर महिनाभर यायची होती, लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं कुवेत बघायला. दिगूने तिला शब्द दिला होता, की इथला पहिला मासा तुला माझ्या हातचा खाऊ घालीन. विकतचा नाही. त्याच्या इज्जतीचा सगळा कारभार त्या एका माशावर येऊन ठेपला होता.

डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा गेला, मासा काही मिळेना. गढूळ पाण्यातला दिगूचा एक नियम होता. माशाचा डोळा दिसल्याशिवाय भाला सोडायचा नाही. सावलीवर सोडला तर उद्या माणसाला लागेल. मग एका शुक्रवारी दोरी तीनदा ओढली गेली. मी आणि बू नासरने जीव खाऊन खेचलं. दिगू वर आला तो ओरडतच, हामूर गावलो, हामूर. हामूर म्हणजे इथला माशांचा राजा. पण भाला वर येईना. दिगू परत खाली गेला, आणि या वेळी बऱ्याच वेळाने, अगदी मुकाट्याने वर आला. त्याने नियम पाळला होता. डोळा दिसला होता, नेम बरोबर बसला होता. फक्त तो हामूर कोणाच्या तरी पिंजऱ्यात होता.

गरगूर म्हणतात इथे त्याला. तारेचा घुमटासारखा मोठा सापळा, आत शिरायची वाट सोपी, बाहेर यायची नाही. बू नासर बोटीच्या कडेला डोकं टेकवून हसत होता. साऱ्या आखातात, तो म्हणाला, पिंजऱ्यातल्या माशाची शिकार करणारा हा पहिलाच. हसू ओसरल्यावर त्याने सांगितलं, की हा सापळा कोणाचाही नाही. कुठल्यातरी बोटीच्या पंख्याने वर तरंगणाऱ्या खुणेची दोरी कापली की मालकाला ठिकाण सापडत नाही. तो दुसरा आणून टाकतो. जुना खाली तसाच मासे धरत राहतो.

मी दिगूला म्हटलं, ठेवा ना तो मासा, कोणाला कळणार आहे? पण तो हामूर त्याने घरी आणलाही नाही. तार वाकवून काढलेला तो मेलेला मासा त्याने बू नासरला दिला आणि सुगंधाला रिकामे हात दाखवले.

त्यानंतरचे शुक्रवार मला चमत्कारिकच वाटले. दिगू जास्त वेळ खाली राहायचा. वर यायचा तेव्हा हातमोजे फाटलेले आणि बोटांवर ओरखडे. विचारलं तर म्हणायचा, ताक आसा, काय गावाचा? एकदा तर बंदूक बोटीतच विसरून खाली गेला. मी वरून दोरी हलवून हलवून दमलो, तो खालून आपला एकदा ओढायचा, मी बरा आहे. थंडीने माझे कान दुखायला लागले होते. त्या रात्री मी मीनलला सांगून टाकलं, की यंदाचा हिवाळा संपला की पुढच्या वर्षी दुसरा कोणी भिडू बघा म्हणावं. माणसाला मासे मिळत नाहीत, मला पडसं मात्र मिळतं.

सुगंधा यायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. दिगू पहाटेपासून पिसाटल्यासारखा झाला होता. आज काही झालं तरी मासा हवा. आठ-दहा बुड्या झाल्या आणि दोरी तीनदा ओढली गेली. मी म्हटलं, आला बाबा एकदाचा. आम्ही खेचायला लागलो तर वजन हाताला सोसवेना. बाजूला दिगूचं टक्कल वर आलं आणि त्याने हाताने खूण केली, खेचा, खेचा. त्याने कमरेची दोरी सोडून दुसऱ्याच कशाला बांधली होती. वर आला तो शंखशिंपल्यांनी लगडलेला एक गंजका गरगूर. त्याची एक बाजू तार कापून दारासारखी उघडलेली. आत काही नव्हतं.

दिगू बोटीत येऊन बसला. त्याच्या पट्ट्याला तार कापायची पक्कड अडकवलेली होती. मी बू नासरकडे पाहिलं. तो म्हणाला, तुला आज कळतंय? तो दर शुक्रवारी असे बेवारस सापळेच कापत असतो. मला त्याने बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

“यात मासे नव्हते?” मी विचारलं.

“होते. एक हामूर होतो, एवढो.” त्याने हात पसरून दाखवले. “वाट उघडी केलंय तरी जायना. थंयच उभो. मगे हातान धरून भायर ढकललंय.”

“हातात होता?”

“हातात होतो.”

“अहो, मग आणायचा ना. उद्या सुगंधावहिनी येतायत. तुम्ही शब्द दिला होता.”

दिगूने चश्मा काढला आणि त्यातलं पाणी झटकलं. “तो काय मी धरलेलो नाय, कुलकर्णीनू. कोणीतरी धरल्यान आणि इसारलो.” मग तो स्वतःशीच म्हणाला, “तसो मासो सुगंधाक कसो घालतलंय?”

बू नासरने त्याला ‘मजनून’ म्हटलं, म्हणजे वेडा, आणि आपली लोकरी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. अकरा वर्षं या माणसाने वर्षातला एक महिना घर पाहिलं आहे. मुलांचे आवाज फुटले ते त्याने फोनवर ऐकले. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते याआधी कधी वाटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते सर्दीच्या नावावर खपवलं.

येताना आम्ही फहाहीलच्या मासळी बाजारात थांबलो. दिगूने हामूर विकत घेतला.

रविवारी संध्याकाळी मी आणि मीनल त्यांच्याकडे जेवायला गेलो. सोबती महिनाभरासाठी दुसरीकडे राहायला गेले होते. सुगंधावहिनींनी आमच्यासाठी वेगळी चूल मांडल्यासारखा वेगळा स्वैपाक केला होता, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. त्या बोलत होत्या, दिगू हसत होता, पण मासा वाढल्यावर त्याची मान खाली गेली. वहिनींनी एक घास घेतला.

“मासो चांगलो आसा,” त्या म्हणाल्या. “पण बर्फातलो. कल्ले बघूनच कळला.”

दिगू मीठ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. मीठ ताटातच होतं. तेवढ्या वेळात मी वहिनींना सगळं सांगून टाकलं, पिंजरे, पक्कड, हातातून सोडलेला तो हामूर. दर शुक्रवारी फोनवर खळखळून हसणारी ही बाई आता हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. आत नळ उगाच चालू होता.

“भावजी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी म्हयन्यान जातलंय. तेची दोरी तुमी धरतास मां?”

मी मीनलकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“धरतो,” मी म्हणालो.

“घट धरा,” वहिनी म्हणाल्या, आणि दिगूच्या ताटात त्यांनी माशाचा मधला, सगळ्यात चांगला तुकडा वाढून ठेवला.