बटण कोण दाबणार?

"सीफमध्ये पंचवीस मजली टॉवर उभा करतोय मी! अडीचशे माणसं आहेत हाताखाली. आणि तू मला दोन पोरं तासभर सांभाळायला शिकवणार?"

राजन सबनीस असं म्हणाला, आणि तेही मोठ्यानं! असली वाक्यं माणसानं मनातल्या मनात म्हणावीत, कारण दैव बहिरं नसतं. पण राजन साइट इंजिनिअर होता. दिवसभर ओरडून त्याचा आवाजच तसा झाला होता.

त्याची बायको चारुलता आरशासमोर उभी होती. कमरेच्या वर इस्त्रीचा ब्लेझर, कमरेखाली घरातला फुलाफुलांचा पायजमा. व्हिडिओवरच्या मुलाखतीला एवढं पुरतं.

ही मुलाखत साधीसुधी नव्हती. पुण्यात असताना चारू बँकेत कर्जविभागात होती. मग ओजस झाला, मग राजनची बहरीनला बदली झाली, आणि ओजस नीट चालायला लागायच्या आत निधी झाली. "पाठोपाठ झालेलं बरं गं, एकदाच काय ते उरकून जातं," असं घरातल्या झाडून सगळ्या बायकांनी सांगितलं होतं. काय उरकलं ते देव जाणे! पाच वर्षं झाली, उरकायचं अजून चालूच होतं. आणि आता सीफ या तिथल्या टॉवरांच्या भागातल्या एका बँकेनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. गेला आठवडाभर ती स्वयंपाकघरात कुकरशी इंग्रजीत बोलत होती. ही संधी हुकली तर पुन्हा कोण विचारणार, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. म्हणून तर राजननं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती.

"मी त्यांना मॉलमध्ये नेतो. खेळतील, ज्यूस पितील, तासाभरानं परत. खलास!"

"अरे, पण ऐकून तर घे. लिफ्टचं जरा—"

"लिफ्ट? चारू, लिफ्टा बसवतो मी!"

"बरं बाबा," चारू म्हणाली. या दोन शब्दांत किती अर्थ असतो, ते नवरे लोकांना फार उशिरा कळतं.

दार लागलं. आत मुलाखत सुरू झाली. बाहेर चौथ्या मजल्यावर राजन, पाच वर्षांचा ओजस आणि त्याच्याहून जेमतेम सव्वा वर्षानं लहान निधी लिफ्टसमोर उभे राहिले. आणि राजननं सहज, अगदी सहज, बटण दाबलं.

क्षणभर शांतता. मग निधी फरशीवर आडवी झाली.

"बाबा प्रेस्ड इट! बाबा प्रेस्ड माय बटण!"

"हळू! हळू! आईचा इंटरव्ह्यू आहे! बटण तर बटण, त्यात काय?"

"बाबा," ओजसनं अडाण्याला समजवावं तसं सांगितलं, "गोइंग डाउन, बाहेरचं बटण निधीचं, आतलं माझं. कमिंग अप, अपोझिट. आई नोज."

आई नोज! राजनला आता 'लिफ्टचं जरा'च्या पुढचं वाक्य कळलं. पण वेळ गेली होती. निधीनं सूर वरचा लावला होता, आणि दारापलीकडे चारूच्या पाच वर्षांचा निकाल लागत होता.

"ओके, ओके! ही लिफ्ट जाऊ दे. मग तू दाब."

लिफ्ट आली. कोणी चढलं नाही. दार मिटलं. निधीनं डोळे पुसून बटण दाबलं, आणि लिफ्ट तिथंच असल्यामुळे दार लगेच उघडलं.

"दॅट डझन्ट काउंट! इट वॉज ऑलरेडी हिअर!"

राजननं दोघांना काखोटीला मारून आत कोंबलं. "निधी, वर येताना दोन्ही बटणं तुझी!" तो घाईत बोलून गेला. म्हणजे आता ओजसवर अन्याय! पण ओजसनं अजून तो हिशेब केला नव्हता. त्यानं तळमजल्याचं बटण दाबलं, लिफ्ट निघाली आणि राजननं घाम पुसला.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. तिथं राहणारा अम्मार आत आला. बहरीनी माणूस, भलता प्रेमळ. हातात झाकलेलं भलंमोठं पातेलं, त्यात आईकडे न्यायचा गरमागरम मासळीचा भात. "सलाम, सलाम!" म्हणत त्यानं कोपरानं तळमजल्याचं बटण दाबलं. आधीच लागलेला दिवा. उगाच आपलं, सवयीनं.

ओजसनं जो टाहो फोडला, तो खाली पार्किंगपर्यंत गेला असावा.

"ही टच्ड माय बटण!"

अम्मारचा चेहरा पडला. "बच्चा मेरे से रोया?"

"नही नही भाई, आप जाइए—"

"नो, नो! मफी मुश्किल! कुछ प्रॉब्लेम नही." अम्मार काही केल्या उतरेना. आपल्यामुळे रडणारं पोर तसंच टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. "फिर से ऊपर जाएगा, फिर से नीचे आएगा, बच्चा दबाएगा. मैं भी साथ में. यल्ला!" त्यानं पातेलं राजनच्या हातात दिलं, खाली उकिडवा बसला आणि खिशातून चॉकलेट काढलं.

एक चॉकलेट. एकच!

"नको!" राजन किंचाळला. पण अम्मारनं ते मोडून दोघांच्या हातांवर ठेवलंसुद्धा.

"हिज इज बिगर!"

"हर्स हॅज मोअर नट्स!"

"मफी मुश्किल," अम्मार म्हणाला, पण आवाजातला जोर जरा कमी झाला होता.

तळमजल्यावर दार मिटलं. निधीनं कबूल केल्याप्रमाणे चार नंबर दाबला. ओजसला आता तो हिशेब कळला. त्यानं तीन दाबला. निधीनं दोन. ओजसनं एक. सगळे दिवे लागले, आणि लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबून दार उघडून सुस्कारा टाकत वर जायला लागली. राजन ओरडत होता, पण त्याच्या दोन्ही हातांत पातेलं होतं आणि त्याची वाफ चष्म्यावर बसली होती. अडीचशे माणसं हाताखाली असली तरी पातेलं हातात असलं की कोणी कामाचं नाही!

तिसरा मजला सुटला आणि निधीला शोध लागला. खाली, अगदी तिच्या उंचीला, एक पिवळं बटण होतं. त्यावर घंटेचं चित्र होतं. आणि ते अजून कोणाचंच नव्हतं.

"दिस वन इज माइन!"

घंटा अख्ख्या बिल्डिंगमध्ये घणघणली.

खाली वॉचमन जैनुद्दीन चहा पीत होता. घंटा वाजली की आधी लिफ्टचा मेन स्विच बंद करायचा, मग विचारायचं, अशी त्याला मालकाची सक्त ताकीद होती. त्यानं आज्ञा पाळली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. पंखा थांबला. वर एक मिणमिणता दिवा, खाली बहरीनचा भट्टीसारखा जुलै महिना, आणि मध्ये मासळीचा भात.

"साब, फँस गए क्या?" खालून आवाज आला.

"तूनेच फँसाया! चालू कर!"

वीज आली. आता पिवळ्या बटणावर ओजसचा हक्क होता. त्यानं बजावला. घंटा! वीज गेली.

"जैनुद्दीन! चालू कर!"

वीज आली. निधीचं म्हणणं, आधी ती फक्त टेस्टिंग करत होती. घंटा! वीज गेली.

"फी मुश्किल," अम्मार भिंतीला टेकून म्हणाला. प्रॉब्लेम आहे, हे त्यानं शेवटी मान्य केलं.

मग राजनला जे नको होतं तेच ऐकू आलं. जिन्यावर धावती पावलं, आणि चौथ्या मजल्यावर त्याच्याच दारावर थापा! "मॅडम! ओ मॅडम! साब और बच्चे लिफ्ट में अटक गए!"

"जैनुद्दीन, नको रे!" राजन कळवळला. पाच वर्षं थांबली होती ती! एक तास मागितला होता तिनं, फक्त एक तास, आणि तोही आपण तिला देऊ शकलो नाही. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

वर दार उघडलं. लिफ्टच्या फटीतून चारूचा आवाज आला.

"राजन! ऐकून घे म्हणत होते ना? पंचवीस मजल्यांचा टॉवर बांधतोस, आणि चौथ्या मजल्यावरून खाली जाता येत नाही? ओजस! निधी! हाताची घडी! तोंडावर बोट!"

दोन्ही पोरांनी हाताची घडी घातली. अम्मारला मराठीतलं अवाक्षर कळत नव्हतं, पण त्यानंही तोंडावर बोट ठेवलं. राजनचे हात पातेल्यात अडकलेले, म्हणून त्यानं हनुवटीच झाकणावर टेकली.

"जैनुद्दीन, नीचे जाके चालू करो. बटन बाहर से मैं दबाऊँगी. कोणी आवाज काढलात तर बघा!"

लिफ्ट शहाण्यासारखी वर आली. दारात चारू, ब्लेझर, फुलाफुलांचा पायजमा आणि कानात बिनवायरचा हेडफोन.

"इंटरव्ह्यू?" राजननं विचारलं.

"संपला. काय राहिलंय आता!" तिचे डोळे भरले होते. ती निदान सॉरी म्हणायला आत गेली, आणि तिच्यामागे सगळी वरात.

लॅपटॉपवर मुलाखत घेणारी बाई डोळे पुसत होती. चारूनं इंग्रजीत माफी मागायला सुरुवात केली.

"मराठीतच बोला हो," बाई म्हणाली. "मी मेलिसा, वसईची. तुमचा माइक चालूच होता. हाताची घडी म्हटल्यावर मीसुद्धा घातली!"

चारू मटकन खुर्चीत बसली. बहरीनमध्ये मराठीत हवं ते बोलावं, कोणाला कळतंय, हा आपल्या लोकांचा समज कधीतरी गळ्याशी येतोच!

"माझे एलरॉय आणि वॉरन, तेरा महिन्यांचं अंतर," मेलिसा म्हणाली. "आमच्याकडे गाडीचा सीटबेल्ट आधी कोणाचा लागतो त्यावरून होतं. बरं, आपण कर्जाच्या प्रश्नावर होतो ना?"

मग तिनं अर्धा तास चारूला चांगलं पिळून काढलं, आणि चारूनं एकूण एक उत्तर दिलं. राजननं ते जिन्यात बसून ऐकलं. दोन्ही पोरं त्याच्या दोन मांड्यांवर अम्मारनं वाढलेला मासळीचा भात खात होती, अगदी समसमान.

नोकरी मिळाली! पेढे कमी पडले म्हणून बाब अल बहरीनच्या बाजारातल्या दुकानातून पुन्हा आणावे लागले. पहिल्या दिवशी सकाळी चारू पर्स घेऊन दारात वळली. आता रोज मुलांना खाली न्यायचं काम राजनचं होतं.

"अरे, आज लिफ्टचं जरा—"

"लिफ्ट नाहीच!" राजननं ऐटीत सांगितलं. "मी विचार केलाय. जिन्यानं नेणार. जिन्याला बटण नसतं!"

"ऐकून तर घे, जिन्याचं पण—"

"चारू, जिने बांधतो मी!"

"बरं बाबा," ती म्हणाली आणि गेली.

राजननं दोन दप्तरं दोन खांद्यांवर टाकली, "चला!" म्हणाला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

क्षणभर शांतता. मग निधी फरशीवर आडवी झाली.

राजननं विजेचा झटका बसल्यासारखा पाय मागे घेतला.

"दॅट डझन्ट काउंट," ओजस म्हणाला.