कॉपी करायची नाही

२०२३ साल. माझं वय एकोणसत्तर. त्या सालच्या नोव्हेंबरात माझ्या शेजाऱ्यानं कॉम्प्युटरला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली की साळवी गुरुजी उठायचे, मॉनिटर दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "राहा पाच मिनिटं उभा. विचार कर काय चुकलं." मग हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत बसायचे. पाच म्हणजे पाच. नंतर मॉनिटर पुन्हा इकडे. "हां, आता नीट सांग."

कॉम्प्युटर पुन्हा तेच सांगायचा.

मला ह्या माणसाचा राग येतो. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्यानं शेजाऱ्याच्या आरत्या लिहिल्या. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पारोळ्याकडून सिल्वासाला आलो आणि सुताच्या कंपनीत तेहेतीस वर्षं फिटर होतो. कुणापुढे मान खाली घातली नाही, म्हणून फिटरच राहिलो. गुरुजी राजापूरकडचे. इथल्या सरकारी मराठी शाळांत, खानवेल म्हणू नका, सुरंगी म्हणू नका, सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "वर्गात चाळीस होती, सोनवणे. घरी आणखी कशाला?" सिल्वासातल्या आमलीत आमचे दरवाजे समोरासमोर. माझं दार उघडं असलं की त्यांना वाटतं शाळा भरली.

सोसायटीच्या टाकीवर कुणीतरी 'पाणि जपून वापरा' लिहिलं, तर हा माणूस स्टूल घेऊन चढला आणि 'णि'ची 'णी' करून आला. वय चौऱ्याहत्तर. स्टूल धरायला कोण? मी. खाली उभा राहून मी शिव्या देत होतो आणि हे वरून म्हणत होते, "शिवीतसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ पाळा हो."

पण सगळ्यात मोठं वेड म्हणजे कॉपी. तो शब्द निघाला की ह्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागते. झेरॉक्सवाल्यानं "काका, किती कॉपी?" विचारलं तर ह्यांचं उत्तर, "एकही नाही. दोन प्रती काढ." परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणारा म्हणजे ह्यांच्या लेखी दरोडेखोर. "ज्याचं त्यानं लिहायचं. कॉपी करायची नाही." दिवसातून दहा वेळा. भाजीवाली दुसरीचा भाव सांगायला लागली तरी हेच.

तर त्या नोव्हेंबरात गुरुजींना मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं. गुरुजींनी नोकरीत असताना स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर पोरांचं वाचन भरून ठेवलं होतं. जंगलातली, कधी पुस्तक न बघितलेली पोरं पहिल्यांदा धडा वाचायची, तो आवाज. दोनशे बारा पोरं. त्या कॅसेटी संस्थेनं नेऊन कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. इकडे परत आलेल्या मूळ कॅसेटींना बुरशी लागली, त्या गेल्या. आता संस्थेचं ते काम संपलं होतं. पत्रात लिहिलं होतं, तुमचे आवाज क्लाऊडवर अमुक बकेटमध्ये आहेत, महिनाअखेर ती जागा बंद होईल, त्याआधी उतरवून घ्या.

"ढगात बादली," गुरुजी म्हणाले.

"आणि दोरी कुठे?" मी विचारलं.

दोरी म्हणजे एक टूल होतं. तीन पानं सूचना आल्या होत्या. हे टूल कॉम्प्युटरवर बसवा, काळ्या खिडकीत हुकूम लिहा, चावी घाला, मग आवाज येतील. मी आयुष्यभर टूलं हातात धरली. पाना, पक्कड, हातोडी. ह्या टूलला धरायला दांडाच नाही! त्यात गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कागद वाचायचा चष्मा वेगळा, पडद्याचा वेगळा. म्हणून ठरलं की मी कागदावरची अक्षरं एकेक करून सांगायची, ते टाइप करणार. इंग्रजी अक्षरं मला येतात. मशीनच्या पाट्या वाचून शिकलोय, कुणाच्या बापाकडून नाही.

टूल बसवतानाच पहिला तमाशा. पडद्यावर करार आला, खाली 'मान्य आहे'चं बटण. अख्खी दुनिया ते बटण दाबते. हा माणूस करार वाचायला बसला. डिक्शनरी घेऊन. तीन दिवस!

"गुरुजी, महिना संपतोय!"

"न वाचता सही म्हणजे काय हो? अंगठा. मी सेहेचाळीस गावांतले अंगठे पुसले, आता स्वतः लावू?"

चौथ्या दिवशी बटण दाबलं. टूल बसलं. काळ्या खिडकीत त्याचं नाव लिहिलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, असा कुणी मला माहीत नाही. आताच तर बसवला! मॉनिटर भिंतीकडे. मग गुरुजींनी बंगलोरच्या भाच्याला फोन लावला. तो ह्याच धंद्यात आहे. फोन मोठ्या आवाजावर होता.

"मामा, टूल आहे, पण पाथमध्ये नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्युटरकडे एक यादी असते, कुठे कुठे शोधायचं त्याची. त्यात—"

"कळलं," गुरुजी म्हणाले. चेहरा एकदम उजळला. "पोर गावात आहे, पण हजेरीपटावर नाव घातलेलं नाही. घालतो." आणि घातलं. खिडकी बंद करून परत उघडली, तर टूल हजर. मला मनातून बरं वाटलं, पण तोंडानं म्हटलं नाही. लगेच चढून बसतात.

राहिली चावी. चावी म्हणजे चाळीस अक्षरं, काही मोठी, काही छोटी, मध्ये आकडे. भाचा म्हणाला, "मामा, ती मेलमधून कॉपी करा आणि इथे पेस्ट करा. दोन सेकंद."

"साळवीच्या घरात कॉपी होत नाही." फोन बंद.

मग मी सांगायचो आणि हे लिहायचे. "मोठा के. छोटा क्यू. सात. मोठा डब्ल्यू. एक." चाळीस अक्षरं झाली की कॉम्प्युटर म्हणायचा, चावी चुकीची. पुन्हा. चुकीची. तो मॉनिटर भिंतीकडे फिरून फिरून माझीच मान दुखायला लागली. अठ्ठावीस तारखेला चौदाव्यांदा चुकलं, तेव्हा गुरुजींनी भिंग घेतलं, माझ्या हातातून कागद ओढला आणि एका उभ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"एक."

"हा एल आहे! छोटा एल! चार दिवस तुम्ही मला एक सांगताय?"

"मशीनवर उभी रेघ म्हणजे एक."

"कितवी शिकलात हो तुम्ही?"

"चौथी."

"पास?"

मी उठलो. खुर्ची मागे पडली. रागात माझ्या तोंडातून गावची बोली निघते. "माले शिकाडू नका, मास्तर!" मी ओरडलो. "चौथीत मास्तरानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. का? शेजारच्याचं आणि माझं गणित सारखं आलं म्हणून. अरे, बरोबर उत्तर एकच असणार ना! कॉपी म्हणाला. मी नाही म्हणालो तर दोन मुस्काटात. त्या दिवशी दप्तर तिथेच टाकून निघालो, तो आजपर्यंत शाळेची पायरी चढलो नाही. तुमची सगळी जात तसलीच. आळ घ्यायचा, भिंत दाखवायची, आणि पोर कुठे गेलं ते बघायचं नाही!"

मी निघून आलो. दार असं आपटलं की माझ्याच घरातलं कॅलेंडर पडलं.

दोन दिवस मी दार उघडं ठेवलं नाही. चहा एकटा प्यायलो. कडू लागला, पण प्यायलो.

तीस तारखेला दुपारी दारावर टकटक झाली. गुरुजी उभे होते, हातात तोच कागद, डोळे सुजलेले. पेपर तपासतात तसा त्या चावीवर लाल पेन फिरवलेला, पण मध्येच सोडून दिलेला.

"तुमची चूक नव्हती, सोनवणे. भिंगातूनसुद्धा एल आणि एक सारखेच दिसतात. अशा रेघा बऱ्याच आहेत. मी दोन दिवस कधी एल, कधी एक घालून बघतोय." मग म्हणाले, "आज शेवटचा दिवस."

मी चप्पल घातली आणि गेलो.

त्यांनी मेल उघडला. चावीवर माऊस फिरवून ती निळी केली आणि हात मागे घेतला.

"तुम्ही दाबा. माझ्यानं होत नाही."

"काय दाबू?"

"कंट्रोल आणि सी." आवाज एवढुसा. "कॉपी."

एकोणसत्तराव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली कॉपी केली, एका मास्तराच्या समोर, त्याच्याच सांगण्यावरून. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. पेस्टही मीच केली. कॉम्प्युटरनं चावी घेतली. शेवटचा हुकूम गुरुजींनी स्वतः लिहिला, बकेटचं नाव आणि घरातल्या फोल्डरचं नाव. एन्टर.

काळ्या खिडकीत ओळी सुरू झाल्या. एकेक फाइल म्हणजे एकेक पोराचं नाव. मी अक्षरं वाचायचो, दोन अक्षरांत ते ओळखायचे. "जे, ए, एन—" "जान्या! हजर." "डी, ई—" "देवजी. हजर. नाक पूस." गुरुजी ताठ उभे होते, हात पाठीमागे. हसत होते, रागवत होते. कुणाचा बाप दारू प्यायचा, कोण सशाचं पिल्लू वर्गात घेऊन आला होता, सगळं सांगत होते. मीही विसरलो की मी रागावलोय.

"एल, ए, के, एच," मी म्हणालो.

'हजर' आलं नाही. मी वळून पाहिलं. गुरुजी खुर्चीत बसले होते.

"लखमी. सुरंगीची," ते म्हणाले. "एवढीच हवी होती मला. बाकीची आली नसती तरी चाललं असतं."

"मग लावा."

"तुम्ही लावा."

मी लावली. खरखर झाली, कोंबडा आरवला. मग एका बारक्या पोरीचा आवाज, चिमणीचा धडा. सरळ, कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास तुटणं नाही. छान वाटत होतं ऐकायला. तेवढ्यात टेपमध्ये एक जाड आवाज आला. तरुण, पण मी लगेच ओळखला.

"थांब. पुस्तक उलटं धरलंयस तू! वाचत नाहीयेस. दुसऱ्याचं ऐकून पाठ केलंस. ही कॉपी झाली. चोर! जा, भिंतीकडे तोंड कर."

पोर म्हणाली, "गुरुजी, सगळा येतो मला." मग टेप बंद.

"भावाचं वाचन ऐकून ऐकून तिनं अख्खा धडा तोंडपाठ केला होता," गुरुजी म्हणाले. "घरी पुस्तक एकच, ते भावाचं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तीस वर्षं मी स्वतःला सांगतोय, ती अडखळत होती, तिला धडा येतच नव्हता, मी चुकलो नाही. ऐकलंत ना तुम्ही? एकदा तरी अडखळली?"

"नाही," मी म्हणालो. मी खोटं बोलत नाही.

"सुरंगीतच आहे ती. अंगणवाडीत पोरांना जेवण रांधते. मला माहीत आहे."

"आणि गेला नाहीत?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला इतका राग आला की हात शिवशिवले. माझा मास्तर पारोळ्याकडे कधीचा मेला. तो आला नाही, येणारही नाही. आणि हा जिवंत माणूस, तासाभराच्या बसवर ती बाई, आणि हा घरात बसून कॉम्प्युटरला भिंत दाखवतोय. पण ते खुर्चीत दुमडून बसले होते. लखमीची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, ती कशी घ्यायची ते मला येतं आता, आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांचं दार बडवलं. ते बनियनवर आले. म्हटलं, "शर्ट घाला, मास्तर. सुरंगीची बस सातची आहे." ते म्हणाले, आज नको, अंग मोडून आलंय. मी त्यांचा शर्ट खुंटीवरून काढून त्यांच्या अंगावर फेकला, बटणं लावून होईस्तोवर दारात उभा राहिलो आणि दंडाला धरून स्टँडवर नेलं. बसमध्ये त्यांना आधी चढवलं. मागून उतरून पळतील म्हणून दाराकडच्या सीटवर मी बसलो.