व्हॅक्यूम क्लीनरचा धर्मपिता

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : वस्तू पारखून घेण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या ला पाझ शहरात नाही. आणि आमचं शहर काही लहान नाही! डोंगरउतारावर वसलंय म्हणून सगळं एका नजरेत दिसतं, एवढंच.

त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "मुलीचा खोकला धुळीचा आहे," तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. उलट जरा खूशच झालो. धूळ म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, आणि व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे निवड!

मुलगी म्हणजे अब्रिल, वय दहा महिने. आमच्या बैठकीच्या खोलीत अल्पाकाच्या लोकरीचा एक गालिचा आहे. ज्या अल्पाकाची ती लोकर, त्याला एव्हाना टक्कल पडलं असेल, पण गालिच्याचे केस गळायचे थांबत नाहीत. अब्रिल दिवसभर त्यावर रांगायची. रांगायची कसली, चरायची! आणि संध्याकाळ झाली की खोकायची.

"एक तर गालिचा काढा, नाहीतर त्यातली धूळ रोजच्या रोज काढा," डॉक्टर म्हणाले. "महिन्याने छाती पुन्हा तपासतो. घरघर कमी झाली नाही तर मग मोठी औषधं."

गालिचा काढणं शक्य नव्हतं. तो सासूबाईंनी स्वतः विणलाय, आणि सासूबाई मागच्याच गल्लीत राहतात. त्यापेक्षा भिंती काढणं सोपं.

"लिंबर्ट," बायको म्हणाली, "उद्या जा आणि एक मशीन घेऊन ये."

"नोएमी, लहान मुलांचं घर आहे. विचार करून घ्यायला हवं."

"करशील रे विचार. पण पोरगी शाळेत जायच्या आत कर!"

मी आठ दिवस विचार केला. सत्तावीस मुद्द्यांचा तक्ता तयार केला. आवाज किती, कारण आमचा चार वर्षांचा इकेर मिक्सर लावला तरी कपाटात जाऊन बसतो. मशीन कलंडतं का, कारण अब्रिल दिसेल त्याला धरून उभी राहते. जाळी बारीक आहे का. बटण पोराला दाबता येतं का. मशीनचा चेहरा कसा आहे!

"मशीनला चेहरा?" नोएमीने विचारलं.

"पुढून बघितल्यावर रागावल्यासारखं दिसायला नको."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिला मुद्दा पटला असावा.

नवव्या दिवशी पोलिकार्पियाबाईंच्या दुकानात गेलो. काउंटरवर पिशवी उपडी केली. लोकरीचे गोळे, किन्वाचे दाणे, अर्धं चावलेलं बिस्किट, आणि ओळख पटण्यापलीकडे गेलेलं काहीतरी.

"हे काय?" बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"आमच्या घरचा कचरा."

"अहो, इथे आहे की कचरा! दुकानातला वापरा!"

"परक्या कचऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

अकरा मशिनं नापास झाली. बारावं पास! गोल, बुटकं, कासवासारखं, चेहरा शांत. चाळीस पानांची माहितीपुस्तिका. ती मी परतीच्या बसमध्येच वाचून काढली. चौदाव्या पानावर काळ्या चौकटीत लिहिलं होतं : फक्त कोरडी धूळ. ओलं काहीही ओढू नये.

घरी येऊन प्लग लावणार, तोच दारातून आवाज आला, "थांबा, जावईबापू!"

सासूबाई! त्यांना नव्या वस्तूचा वास गल्लीपलीकडून येतो.

"शिंपण झालं नाही, आणि वीज देताय?"

आता यात त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? नवी वस्तू घरात आली की तिच्यावर बिअर शिंपडायची, रंगीत कागदी टिकल्या उधळायच्या, धरणीमायला तिचा वाटा द्यायचा. घर असो, गाडी असो, शिवणयंत्र असो. त्याशिवाय वापरली की वस्तू रुसते.

"करू की," मी म्हणालो. "चार थेंब."

"आणि धर्मपिता कोण?"

आमच्याकडे बाळाला धर्मपिता असतो, तसा वाढदिवसाच्या केकलाही असतो, लग्नातल्या बँडलाही असतो आणि घराच्या छपरालाही असतो. मशीनलाच तेवढं पोरकं ठेवायचं? मी शेजारच्या सेनोबियोरावांना विचारलं. त्यांची स्वतःची मिनीबस आहे, आणि शिंपणाचा अनुभव दांडगा. विचारताक्षणी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्याहीबुवा!" त्यांनी मला मिठी मारली. मशीन माझं, धर्मपिता ते, म्हणजे आम्ही आता व्याही. "तुमच्या लेकराला मी काही कमी पडू देणार नाही. त्याच्या कामात कधी खंड पडणार नाही, हा माझा शब्द!"

"साधंच करू हं, सेनोबियोराव. चार थेंब."

"चारच!" ते म्हणाले.

रविवारी दुपारी बारा वाजता ते चार क्रेट घेऊन आले.

पाठोपाठ त्यांची बायको क्लेओफेबाई, कारण नळीला धर्ममाता हवी. त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरचं जोडपं, पिशवीसाठी. त्यांच्यामागे मिनीबसच्या थांब्यावरचे सहा ड्रायव्हर, कशासाठी ते कुणी विचारलं नाही. मशीनला फुलांचा हार घातला. कागदी पट्ट्या गुंडाळल्या. गच्चीवर फटाक्यांची माळ लागली, इकेर कपाटात गेला.

"आता चार कोपऱ्यांवर चार थेंब!" सेनोबियोरावांनी बाटली उघडली. आणि थबकले. "व्याहीबुवा, याला कोपरे नाहीत!"

"गोल आहे ते."

"गोल का घेतलंत?"

"मुलांना लागू नये म्हणून!"

एक ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बसला असतात कोपरे." दुसरा म्हणाला, "माझ्या मेहुण्याने गोल टाकी घेतली होती, ती फुटली." सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कोपरे मीच वाटेत विकून आलो!

शेवटी ठरलं : कोपरा सापडेपर्यंत ओतत राहायचं.

"पुरे, पुरे!" मी ओरडलो. "चौदाव्या पानावर लिहिलंय..."

"पान धरणीमायने लिहिलंय का?" सासूबाईंनी विचारलं.

मी तक्ता घडी करून खिशात घातला.

कोपरा तिसऱ्या बाटलीनंतर सापडला म्हणे. मग टिकल्या उधळल्या गेल्या. पोतंभर! गालिचा लाल-पिवळा-हिरवा झाला आणि वर बिअरचा पाट. मध्यभागी अब्रिल बसली होती, मुठी भरभरून टिकल्या खात, मध्येच खोकत. नोएमीने धावत जाऊन तिला उचललं, तोंडात बोट घालून एक-एक टिकली बाहेर काढली. मग माझ्याकडे वळली.

"लिंबर्ट. लाव मशीन."

"ओलं आहे, नोएमी."

"पोरीसाठी आणलंस ना? मग लाव!"

बारा माणसं माझ्याकडे बघत होती. वाचलेला मी एकटा आणि न वाचलेले बारा. असल्या मतदानात पुस्तिका नेहमी हरते.

"शिंपण झालेल्या वस्तूला काही होत नाही," सेनोबियोराव म्हणाले, आणि धर्मपित्याच्या अधिकाराने त्यांनीच बटण दाबलं.

पहिली दहा सेकंदं मशीनने अप्रतिम काम केलं. हे मी शपथेवर सांगतो. मग आतून ओझं वाहणारा लामा शिंकावा तसा आवाज आला. मागच्या जाळीतून फेसाचं कारंजं उडालं, थेट छताला!

"भरभराट! भरभराट!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग धाडकन आवाज झाला आणि इमारतीची वीज गेली.

"धरणीमायला आवडलं," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "ठेवून घेतलं तिने."

त्या संध्याकाळी मी नोएमीच्या भुवया कोरायच्या चिमट्याने मशीनमधली टिकली न् टिकली वेचली. पुसलं, वाळवलं, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता ते पोलिकार्पियाबाईंसमोर ठेवलं. गॅरंटी होती ना!

त्यांनी वास घेतला. "बिअर?"

"माझी."

"सकाळी दहाला?"

"हो," मी म्हणालो. पोरीच्या छातीपुढे बापाची अब्रू ती काय!

बाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, आणि मला हवा तोच प्रश्न विचारला. "शिंपण केलं होतंत?"

"छे! एक थेंबही नाही!" मी छातीवर हात ठेवला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी क्रूसाची खूण केली.

"शिंपण न करता वीज दिलीत?"

"म्हणजे..."

"आणि वर मशीनला दोष देताय? अगं ए, इकडे ये!" त्यांनी शेजारच्या दुकानदारणीला हाक मारली. "हे बघ, शिंपण न करता चालवलं! मग जळणार नाही तर काय होईल? असल्या निष्काळजीपणाला आमची गॅरंटी नाही, साहेब! घरात लहान मुलं आहेत म्हणता, आणि जरा जबाबदारी नको?"

"शिकलेले दिसतात," शेजारीण म्हणाली.

खरं बोलावं तर ओलं घातलं म्हणून गॅरंटी गेली, खोटं बोललो तर घातलं नाही म्हणून गेली. मी मशीन काखेत मारून घरी आलो.

जिन्यात सेनोबियोराव भेटले. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी काढली.

"गेलं?"

"गेलं."

"काम अर्धवट टाकून?"

मी मान डोलावली. त्यांनी टोपी पुन्हा घातली. मग बाह्या सरसावून आमच्या घरात शिरले. गालिचा गुंडाळून खांद्यावर घेतला.

"शब्द दिलाय मी, व्याहीबुवा! लेकराचं काम आता धर्मपित्याचं. चला गच्चीवर, दुसरं टोक धरा!"

तेव्हापासून रोज सकाळी, मिनीबसच्या पहिल्या फेरीआधी, सेनोबियोराव गच्चीवर काठीने गालिचा बडवतात. बडवताना दुःखाची गाणी म्हणतात. आणि मी वारा धूळ उडवून नेतो त्या अंगाला गालिच्याचं टोक धरून उभा असतो. हे टोक मी निवडलेलं नाही.

महिना झाल्यावर अब्रिलला तपासायला नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, डोळे मिटले, ऐकलं.

"घरघर चालूच आहे," ते चिंतेने म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "नाही, नाही. ही तुमची आहे!"

अब्रिलची छाती स्वच्छ होती. नोएमीचे डोळे भरून आले. मग डॉक्टरांनी मला टेबलावर बसवलं, पाठीवर बोटं आपटून बघितली आणि म्हणाले, "धूळ. तुम्ही असं करा, घरात एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर घ्या."

नोएमी तेव्हा मुलीला कपडे घालत होती, तिने ऐकलं नाही. मीही अजून घरी बोललेलो नाही. सेनोबियोरावांच्या कानावर गेलं, तर या वेळी ते कोपरेवालं बघायला स्वतः दुकानात येतील.